दारावरचा मुकादम

गिरणीच्या दारात बदली कामगार ताटकळत. काम निघाले की मुकादम हाक मारी. १९८६च्या ४.३ बीएसडी प्रणालीत आलेला ‘आयनेटडी’ हा संगणकातील असाच मुकादम. (आमचा दस्तुरी घेई, हा घेत नाही!) नेमून दिलेली सारी दारे तो एकटा राखतो आणि मागणी येताच त्या कामाचा प्रोग्रॅम उठवतो. ‘आयनेटडी.कॉन्फ’ ही त्याची वही. तीत ओळीगणिक सेवेचे नाव, जोडणीचा प्रकार, प्रोग्रॅमचा पत्ता इत्यादी असते. पण आम्ही आधी पाहतो तो अधिकाराचा रकाना. साध्या कामाला ‘रूट’चा, म्हणजे मालकाचा, शिक्का देऊ नये. नको त्या ओळीच्या आरंभी हॅशचिन्ह घालून दार बंद करावे. १९८८च्या नोव्हेंबरात मॉरिसचा किडा ‘फिंगर’च्या दारानेही शिरला होता. वही बदलल्यावर मुकादमाला ‘हप’ इशारा द्यावा. नाहीतर तो जुन्याच यादीने हाका मारीत राहतो.