क्रूझरचं वजन: गरजेचं किती, दिसण्यापुरतं किती?

क्रूझर म्हटलं की लांब, बुटकी, भरीव गाडी डोळ्यांसमोर येते. मग प्रश्न पडतो: ही गाडी जड म्हणून भारदस्त दिसते, की भारदस्त दिसावी म्हणून जड केलेली असते?

आपण हार्ले-डेव्हिडसनची सॉफ्टेल घेऊ. जुन्या मोटरसायकलींना मागे सस्पेन्शन नसायचं. सीटपासून मागच्या चाकापर्यंत फ्रेमची एक तिरपी, सरळ रेघ दिसायची. लोकांना ती रेघ आवडायची, पाठीचे मात्र हाल व्हायचे. 1984 च्या सॉफ्टेलमध्ये शॉकअब्सॉर्बर गिअरबॉक्सखाली आडवे लपवले. म्हणजे रूप जुनं, आराम नवा. पुढे 2018 च्या मॉडेलांसाठी फ्रेम नव्याने आखली आणि सीटखाली एकच शॉक बसवला. फ्रेम हलकी झाली, ताठही झाली. रेघ मात्र तशीच राहिली. म्हणजे रूप टिकवायला प्रत्येक वेळी वजन वाढवावंच लागतं, असं नाही.

पण त्याच वर्षीची फॅट बॉय बघा. भरीव तबकडीसारखी चाकं, मागे 240 मिलिमीटर रुंद टायर आणि पेट्रोल-ऑइलसह वजन सुमारे 317 किलो. एवढा रुंद टायर रस्त्याची गरज म्हणून नाही, तो दिसण्यासाठी आहे. शिवाय चाकाचं वजन शॉकच्या खालच्या बाजूला येतं. खड्ड्यात चाक जितकं जड, तितकं ते सावरणं शॉकला अवघड.

आता थोडं गणित करू. आपल्या पुण्याच्या बजाजची ॲव्हेंजर 220 सुमारे 160 किलोची. दोन्हींवर 75 किलोचा माणूस बसवला, तर त्याच वेगाला थांबताना फॅट बॉयच्या ब्रेकना दीडपटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते.

मग एवढी जड गाडी चालवताना हलकी का वाटते? कारण वजन खाली असतं. सीट बुटकी, दोन्ही पाय जमिनीला टेकतात, संथ वेगात तोल सहज राहतो. पण बुटकेपणाचीही किंमत आहे: वळणावर गाडी थोडी जास्त कलली की फूटबोर्ड रस्त्याला घासतो.

म्हणून शोरूममध्ये गेलात तर नुसतं आरशासमोर बसल्यासारखं बसून बघू नका. गाडी साइड स्टँडवरून सरळ करा, इंजिन बंद ठेवून चार पावलं मागे ढकला. रूप आपण लांबून बघतो. वजन मात्र रोज पार्किंगमध्ये आपल्यालाच पेलायचं असतं.