आउटर कापायचा दिवस

सकाळी ९.३०. शटर वर जायच्या आत दारात पंक्चर उभं. पुण्यात शाळेची पोरं आणि दूधवाले यांचा नंबर पहिला. बाकीच्यांनी थांबायचं.

१०.३०. काल एक ताई रेसिंग हॅण्डलची सायकल ठेवून गेल्यात. २०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतात, साडेतेरा तासांच्या आत पोचायचं असतं. तेवढा वेळ शिंगांवर ओणवं कोण बसणार? हात वरच्या सरळ दांड्यावर येतात, आणि ब्रेक राहतात पुढे. "रिक्षा आडवी आली की हात पोचेपर्यंत जीव वर येतो," म्हणाल्या. म्हणून दांड्यावर जादा लिव्हर. त्या त्यांनीच ऑनलाइन मागवल्यात, माप न घेता.

व्हर्निअर लावला. दांडा स्टेमजवळ ३१.८ मिलिमीटर, पुढे निमुळता होत २४ च्या आसपास. लिव्हरची पकड ३१.८ ची. नशीब! पण त्या जाड भागावर दिवा आणि मीटर आधीच ठाण मांडून बसलेले. दिवा खाली गेला.

११.३०. टेप सोडली, जुनी वायर ओढून काढली. तिचं टोक फुगलेलं, ते नव्या लिव्हरमधून जाणारच नाही. मग वायर नवीनच. आता खरं काम. ही लिव्हर वायर ओढत नाही. आउटर, म्हणजे वायरवरचं आवरण, मधे कापायचं, दोन तुकड्यांच्या मधे लिव्हर बसवायची. दाबली की ती ब्रेककडचा तुकडा पुढे ढकलते. आतली वायर जागेवरच, पण आउटर लांबलं, म्हणजे ब्रेक ओढला गेलाच. मोठी लिव्हर दाबली तर वायर यातून आरपार सरकते, छोटीला पत्ताही नसतो.

वडिलांनी जुन्या परदेशी सायकलींवर दुसरी जात पाहिलेली : मोठ्या लिव्हरच्याच खिळीला जोडलेली लांब पट्टी. ती वाकायची, लिव्हरचा प्रवास खाऊन टाकायची, आणि ऐन वेळी ब्रेक अर्धाच लागायचा. त्या बदनामीचा डाग अजून या नव्या लिव्हरांना लागतो. उगाचच.

सगळा खेळ कापण्याचा. पक्कडीने कापलं की टोक चेपतं, कटर हवा. मग कानस मारून टोक सपाट, आतली प्लॅस्टिकची नळी टोच्याने मोकळी, वर टोपी. टोक तिरकं राहिलं तर लिव्हर दाबताना ते आधी दबतं आणि ब्रेक स्पंजासारखा लागतो. एका बाजूला चार टोकं, म्हणजे एकूण आठ. घाई केली ती सातव्या टोकाला. परत कापलं.

१.३०. डबा. भेंडी.

२.३०. पुढचा ब्रेक हॅण्डलबरोबरच वळतो, त्याची काळजी नाही. मागच्याचं आउटर फ्रेमला जातं. तोकडं राहिलं तर हॅण्डल वळवताच ब्रेक आपोआप लागतो. हॅण्डल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. बोटभर सैल ठेवलं.

शिकत होतो तेव्हा आउटर संपलं म्हणून एकदा गिअरचं लावलं होतं. त्यात तारा लांबीने सरळ असतात, ब्रेकच्या आउटरसारखं वेटोळं नसतं. जोरात ब्रेक मारला आणि ते फाटलं. गिऱ्हाईक नव्हे, मीच होतो वर. गुडघ्यावर खूण आहे.

४.००. नवीन टेप. खालच्या टोकापासून वर, आणि लिव्हरच्या अलीकडे थांबायचं.

५.३०. ताई आल्या. गल्लीत दोन चकरा मारून म्हणाल्या, "काका, आता सिंहगड उतरतानाही हेच दाबते!"

"दाबाल, लागेलही. पण हात जवळजवळ असतात, खड्ड्यात हॅण्डल सुटतं. उतारावर हात खालीच."

यजमानांच्या हायड्रॉलिक डिस्कवाल्या सायकलला पण हीच बसवून द्या म्हणाल्या. तिथे तेल असतं, ढकलायला आउटरच नाही. ही लिव्हर चालायची नाही. आठवड्याने वायर ताणायला या, एवढं सांगितलं.

८.००. आउटरचे तुकडे लोहचुंबकाने गोळा केले. एक कोपऱ्यात राहिला होता, तो चपलेला लागला.