माणसाळलेले आणि पाळीव

सुटी संपवून वसतिगृहात परतणाऱ्या मुलांच्या बोलण्यात एखादा प्राणी असतोच. कोणाच्या घरी ढोलीतून काढलेले पोपटाचे पिल्लू, तर कोणाच्या पडवीत मुंगूस. ‘सर, मांजरासारखे मुंगूसही पुढे घरोघरी पाळतील का?’ सालवड परिसरात आम्हांस अनेकदा विचारला गेलेला हा प्रश्न पोरकट नाही. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

माणसाळतो तो एक प्राणी, त्याच्या एका आयुष्यात. पाळीव होते ती जात, आणि तिला अनेक पिढ्या लागतात. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या व कुत्रा यांची हाडे सापडली. आपल्या गोठ्यांतील यादीत त्यानंतर फारच थोडी नावे वाढली आहेत.

चित्त्याचे उदाहरण बोलके आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात शिकारीसाठी चित्ते बाळगले जात. चित्तेवान त्यांच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्यांना गाडीतून माळावर नेत आणि काळवीट दृष्टीस पडताच टोपी काढीत. त्यापूर्वी अकबराने तर शेकड्यांनी चित्ते पदरी ठेवले होते. एवढा माणसाळलेला प्राणी. परंतु बंदिवासात त्याची वीण जवळजवळ होतच नसे. मोगलकाळातील अशा जन्माची प्रसिद्ध नोंद एकच, जहांगीराच्या आत्मवृत्तातील. म्हणून प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माळरानांचा ऱ्हास व शिकार यांच्याबरोबर ही दरबारी हौसही त्यास कारणीभूत होती.

मग नवी जात पाळीव होणे अशक्य आहे काय? तसे नाही. रशियन शास्त्रज्ञ बेल्यायेव यांनी १९५९ पासून नोव्होसिबिर्स्क येथे रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग आरंभिला. दर पिढीतील सर्वांत कमी बुजणारी पिल्ले निवडून केवळ त्यांचीच पैदास करावयाची, हा त्यातील नियम. काही पिढ्यांतच कोल्हे माणसाला पाहून शेपूट हलवू लागले. पुढे काहींचे कान कुत्र्यासारखे लोंबले, अंगावर पांढरे ठिपके आले. मुंगसाचेही कदाचित असे होईल; पण त्यासाठी अनेक दशकांची जोपासना हवी. ढोलीतून पिल्लू उचलल्याने ते साधत नाही.

हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडील बिबटे माणसाळले, असे पालक आम्हांस सांगतात. खरे आहे, पण ते अनाथालय आहे, शिकारीत आई गमावलेल्या पिल्लांचे. पोपटाला आई असते, आपणच तिच्यापासून त्याला तोडतो. आपल्या देशात पोपट शतकानुशतके पिंजऱ्यात आहे, तरी आजही तो बहुधा ढोलीतूनच आणला जातो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट किंवा मुंगूस घरी बाळगणे हा गुन्हा आहे, हे अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. झाडाखाली पडलेले पिल्लू आढळल्यास घरी न नेता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.