निबंधाचे पुनर्लेखन

निबंधाचे पुनर्लेखन म्हणजे पहिला मसुदा तयार झाल्यावर, तो शिक्षकांकडे सादर करण्यापूर्वी, त्यातील आशय, रचना, भाषा आणि शुद्धलेखन यांची क्रमाने केलेली तपासणी व सुधारणा होय.

तपासणीचा क्रम

तपासणी आशयाकडून अक्षराकडे न्यावी. जो परिच्छेद पुढे वगळायचा आहे, त्यातील ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात श्रम व्यर्थ जातात. प्रथम प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा समासात एका वाक्यात लिहावा. मुद्दा सापडत नसेल, तर परिच्छेद वगळावा. दोन परिच्छेदांचा मुद्दा एकच असल्यास ते एकत्र करावेत.

त्यानंतर पोकळ विधानांकडे वळावे. ‘मुळा-मुठा ही पुण्याची अतिशय महत्त्वाची नदी आहे’ या वाक्यातून वाचकास नवे काही कळत नाही. ‘मुळा आणि मुठा यांचा संगम पुण्यात होतो व ही नदी पुढे भीमेस मिळते’ या वाक्यात विशेषणाची जागा माहितीने घेतली आहे. शेवटी निबंध मोठ्याने वाचावा. लांबलेली वाक्ये आणि कर्ता-क्रियापदांचा सुटलेला मेळ कानाला लगेच जाणवतो.

शुद्धलेखन

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. प्रचलित लेखननियम मात्र मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. १९६२ साली शासनाने त्यांपैकी १४ नियम स्वीकारले. १९७२ साली चारांची भर पडून ते १८ झाले. विद्यार्थ्यांच्या लेखनात पुढील चुका वारंवार आढळतात:

- मराठी अकारान्त शब्दांतील उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: गरीब – गरिबाला, फूल – फुलाला.
- तत्सम अकारान्त शब्दांत तो मुळाप्रमाणेच राहतो: गुण, मंदिर, शरीर.
- ‘बुद्धी’ स्वतंत्रपणे दीर्घान्त लिहितात, परंतु समासात ‘बुद्धिवैभव’ असे लिहितात.

संगणकीय शुद्धलेखन-तपासनीस ‘दिन’ (दिवस) आणि ‘दीन’ (गरीब) हे दोन्ही शब्द बरोबर मानू शकतो. योग्य शब्द कोणता, हे अर्थावरून लेखकालाच ठरवावे लागते.

मर्यादा

पालकांनी वा शिक्षकांनी चुकीची जागा दाखवावी, वाक्य मात्र विद्यार्थ्यालाच सुधारू द्यावे; अन्यथा निबंध निर्दोष होतो, पण त्याचा राहत नाही. परीक्षेत दुसऱ्या मसुद्यास अवकाश नसतो. तेथे आरंभी मुद्दे टिपून ठेवणे आणि अखेरीस वाचनासाठी काही मिनिटे राखणे, एवढेच शक्य असते.