टेलचा माणूस अध्यक्ष

रात्री दोनला दारं धरायला गेलेला शेतकरी एकटा असतो. हातात फावडं, कानाला मफलर, चारीत वाहतं पाणी. मातीचं एक ढेकूळ हललं की शेजाऱ्याचं पाणी आपल्या वाफ्यात. बघायला कुणी नाही. अशी परीक्षा रोज, तीही झोपमोड करून द्यायची, तर भला माणूसही एखाद्या रात्री घसरेल. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, मोसम आणि आरम नद्यांच्या काठी, काही शतकांपूर्वीच्या लोकांनी हे ओळखलं होतं. त्यांनी काढलेला तोडगा प्रत्येक वेळी मला थक्क करतो.

त्याचं नाव फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात एकच पीक. यंदा इथे ऊस, तर नंतर दुसरीकडे. फडभर पीक एकच, म्हणून पाण्याची गरजही सगळ्यांची सारखी. शेजाऱ्याहून जास्त ओढून काही साधत नाही. शिवाय पाणी सोडणं शेतकऱ्याच्या हातात नव्हतंच. ते पाटकऱ्याचं काम. त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या, सगळ्यांवर पंच. म्हणजे त्या दोनच्या अंधारात फावडं घेऊन जायचं कारणच काढून टाकलेलं! पाऊस कमी झाला तर पंच एखादा फड कोरडा ठेवत. ज्याच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या, त्याला तोटाही वाटून यायचा आणि ओलही. न्यायाने वागा असं कुणाला सांगायलाच लागू नये, अशी ती मांडणी.

सरकारी कालव्यांवर मात्र अशी मांडणी नव्हती. तिथे पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर. मोजकं पाणी द्या की शेत तुंबवा, आकार तोच. मग हेडचे, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेले मळे तुडुंब आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, नुसती धूळ. दिंडोरीच्या वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला असलेल्या ओझरमध्ये 1990 च्या सुमारास बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या मंडळींनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थेने पाणी घनमापाच्या हिशोबाने मोजून घ्यायचं आणि सभासदांना वाटायचं. एवढ्या एका बदलाने वाचवलेल्या पाण्याला किंमत आली. कोणतं पीक घ्यायचं याची मोकळीक मिळाली, द्राक्षबागा आल्या, ठिबक आलं. काटकसर पूर्वीही लोकांच्या अंगात होतीच. आता ती परवडू लागली.

महाराष्ट्राने 2005 मध्ये अशा संस्थांसाठी कायदा केला. त्यातली एक तरतूद मला फार आवडते: संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल या तिघांना सारख्या जागा, आणि अध्यक्षपदही या तिघांत फिरतं. टेलचा माणूस अध्यक्ष झाला की वरचं दार किती वेळ उघडं राहिलं, हे त्याला कुणी येऊन सांगावं लागत नाही. सकाळी स्वतःच्या बांधावर उभं राहिलं की पायाखालच्या मातीवरून त्याला ते कळतं.