हरवलेला व्होल्ट

रेग्युलेटरच्या पॉइंटचं सेटिंग या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढच्या खेपेला. रत्नागिरीहून एका वाचकांचं पत्र आलंय, आणि त्यांनी त्यात आकडे इतके नीट लिहून पाठवलेत की हा अख्खा भाग त्यांच्यावरच खर्च करायचं ठरवलं.

गाडी प्रीमियर पद्मिनी. वडिलांच्या वेळची, डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेली, गेल्या वर्षी पत्राकाम आणि रंग करून पुन्हा रस्त्यावर आणलेली. दिवसा काही तक्रार नाही. रात्री दिवे लावून तासभर चालवली की दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ जेमतेम फिरतो. नवी बॅटरी घालून झाली, अल्टरनेटरचे कार्बन आणि बेअरिंग बदलून झाले, फॅनबेल्टही नवा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा इंजिन चालू झाल्यावर व्यवस्थित विझतो. गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून पाहिलं. गाडी बंद पडली नाही, म्हणून ‘चार्जिंग मारतंय’ असा निकाल मिळाला. आता त्यांचा प्रश्न असा, की नवा अल्टरनेटर घ्यावा का?

अजिबात घेऊ नका. आणि ते टर्मिनल काढणं आधी थांबवा. डायनामोच्या काळात ही युक्ती बहुतेकदा निभावून जायची. अल्टरनेटर भरपूर करंट देत असताना बॅटरी एकदम बाजूला झाली, तर क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जागच्या जागी जातो. शिवाय या परीक्षेतून कळतं तरी काय? इंजिन चालू ठेवायला इग्निशन कॉइलला तीन-चार अँपिअर पुरतात. रात्री दोन्ही हेडलाइटना मिळून नऊ-दहा लागतात, वर वायपर, पंखा, आणि बॅटरी भरायची ती वेगळीच. तीन-चार अँपिअर मिळतात एवढंच सिद्ध झालं. तीस मिळतात का, हा प्रश्न तसाच राहिला.

आता आकडे. इंजिन किंचित रेस केलेलं, हेडलाइट चालू, मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर: १३.१ व्होल्ट. निरोगी गाडीत इथे पावणेचौदाच्या आसपास तरी हवेत. मी त्यांना फोनवर सांगितलं, की मीटरची लाल वायर अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर ठेवा, काळी अल्टरनेटरच्याच अंगावर, आणि शर्टाची बाही बेल्टपासून लांब ठेवा. त्यांनी मोजून कळवलं: १४.२.

म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत आहे. यंत्र १४.२ तयार करतंय, बॅटरीला १३.१ पोचतायत, मधल्या मध्ये १.१ व्होल्ट गायब. आणि अल्टरनेटरला याचा पत्ताच नाही, कारण त्याच्या पोटातला रेग्युलेटर स्वतःच्या टोकाशीच व्होल्टेज मोजतो. तिथे सव्वाचौदा झाले की तो हात आखडता घेतो. गॅरेजच्या टेबलावर असा अल्टरनेटर दर वेळी पास होणार.

गायब व्होल्ट शोधायची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात काहीच खोलावं लागत नाही. इंजिन आणि दिवे चालूच ठेवायचे. लाल वायर अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर, काळी बॅटरीच्या प्लसवर. एकाच वायरच्या दोन टोकांवर मीटर लावलंय, तेव्हा आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. त्यांच्याकडे आला ०.३. मग लाल बॅटरीच्या मायनसवर आणि काळी अल्टरनेटरच्या अंगावर. इथे ०.१ पर्यंत ठीक, ०.२ म्हणजे लक्ष द्या. त्यांच्याकडे ०.८! दोन्हींची बेरीज १.१. हिशोब जुळला, आणि चोर अर्थच्या बाजूला निघाला.

दिवे चालू हवेत हे पुन्हा सांगतो. नळ बंद असताना कोंदलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण दिसतो. नळ सोडला की खरं कळतं. विजेचंही तसंच. करंट वाहतच नसेल तर कुजलेली वायरही निर्दोष दिसते. त्याच कारणानं मल्टिमीटर ओमवर ठेवून किंवा बझरवर जोड तपासण्यात अर्थ नाही. पंचवीस अँपिअर वाहताना ०.८ व्होल्ट खायला ०.०३२ ओम पुरतात. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही यापेक्षा जास्त असतो. तांब्याची एक तार शिल्लक असली तरी बझर खुशाल वाजतो.

लाल दिव्यानं हे का नाही सांगितलं? कारण तो अल्टरनेटरचा प्लस आणि बॅटरीकडून स्विचमार्गे आलेला प्लस यांच्या मध्ये बसतो. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं झालं की विझतो. अर्थच्या बाजूला काय चाललंय ते त्याला दिसूच शकत नाही.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध जोडायला तांब्याची विणलेली पट्टी लागते. वाचकांनी आधी बॅटरीचा मायनस काढला (नेहमी तोच आधी, म्हणजे पान्हा बॉडीला टेकला तरी ठिणगी नाही) आणि पट्टीचा बॉडीकडचा बोल्ट खोलला. पट्टी कोरी, चकचकीत. पण तिच्या टोकाखाली पत्र्यावर प्रायमर आणि रंगाचा अखंड थर! वर्षभर सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जात होता, आणि कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत त्या आट्याही गंजलेल्या. रंगकाम झालेल्या जुन्या गाड्यांत हे इतकं सर्रास आढळतं, की पेंटरकडून गाडी आली की पहिलं काम अर्थचे जोड उघडण्याचं, असं माझं ठाम मत आहे.

अशी पट्टी पूर्ण तुटली तर सेल्फचा शंभराच्या वरचा करंट दुसरी वाट शोधतो. चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल सापडते त्याला. स्टार्ट मारताना चोकची केबल तापत असेल, तिचं आवरण वितळत असेल, तर केबल बदलण्याआधी अर्थ बघा.

त्यांनी पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासला, स्टार वॉशर घातला, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. अर्थचा ०.८ आता ०.०७ झालाय आणि बॅटरीवर १३.८ मिळतायत.

राहिले ०.३. ती वायर डायनामोच्या वेळची आहे, वीस-बावीस अँपिअरच्या हिशोबाची. अल्टरनेटर त्याच्या दीडपट सहज देतो. तिला समांतर दहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकावी आणि बॅटरीच्या टोकाशी, अल्टरनेटरच्या क्षमतेहून थोडा मोठा, फ्यूज घालावा.

ज्यांच्याकडे अजून डायनामो आणि कटआउट आहे, त्यांनीही पुढच्या भागाआधी ही दोन्ही मापं घेऊन ठेवावीत. खराब जोडाची कसर भरून काढायला पॉइंट वाढवले, तर जोड साफ झाल्या दिवसापासून बॅटरी उकळायला लागते.