एक नजर, तीन जागा

अभियांत्रिकीच्या वर्गात सर फळ्याकडे वळतात आणि सर्किट काढता काढता बोलत राहतात. ऐकू येणारी मुले कान तिकडे ठेवून वहीत आकृती उतरवून घेतात. कर्णबधिर मुलाला त्याच वेळी फळ्यावर, दुभाष्याच्या हातांवर आणि स्वतःच्या वहीत पाहायचे असते. वहीत मान घातली की चार वाक्ये गेली.

या अडचणीवर मोठ्या प्रमाणावर काम झाले ते अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार १८६४ मध्येच लिंकन यांच्या सहीने मिळाला होता. तंत्रशिक्षणाची वाट मात्र अरुंद राहिली. अमेरिकेतली कर्णबधिर माणसे पिढ्यान्‌पिढ्या छापखान्यांत काम करत आली. यंत्रांचा खडखडाट त्यांना बाधत नसे. साठच्या दशकात यंत्रे स्वयंचलित होऊ लागली, तशी हातकामाच्या नोकऱ्यांची काळजी वाढली. ८ जून १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली आणि कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था मंजूर झाली.

पुढचा निर्णय जास्त मोलाचा ठरला. ही संस्था गावाबाहेर एकटी न वसवता ‘रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’च्या आवारातच आणली गेली. १९६८ मध्ये पहिले ७० विद्यार्थी आले. आज तिथे हजाराहून अधिक कर्णबधिर विद्यार्थी शिकतात. कुणी संस्थेच्याच खास वर्गांत बसतो, कुणी दुभाष्याला सोबत घेऊन ऐकणाऱ्या मुलांबरोबर अभियांत्रिकीची पदवी करतो. पगारी दुभाषे शंभराहून जास्त आहेत, शिवाय टिपणे काढून देणारे वेगळे. ‘सी-प्रिंट’ ही पद्धत याच संस्थेत तयार झाली: वर्गात बसलेला टंकलेखक ऐकलेले संक्षेपात टंकत जातो आणि मजकूर लगेच विद्यार्थ्याच्या पडद्यावर उमटतो. तास संपल्यावर तो जपूनही ठेवता येतो. म्हणजे वहीकडे पाहण्याचे ओझे उतरले.

संस्थेच्या नाट्यगृहाला रॉबर्ट पनारा यांचे नाव आहे. दहाव्या वर्षी मेंदुज्वराने त्यांची श्रवणशक्ती गेली. पुढे ते इथले पहिले कर्णबधिर प्राध्यापक झाले. आपल्यासारखाच माणूस फळ्यापाशी उभा आहे, हे पाहिल्यावर वर्गातल्या मुलाला जे बळ येते, ते कुठल्याही उपकरणाने येणार नाही.

आता आपल्याकडे. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास सुरू झाली आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ मध्ये. तरीही शिवण, सुतारकाम, बुकबाइंडिंग यांपलीकडे पाऊल पडायला फार वेळ लागला. तिरुवनंतपुरमच्या ‘निश’ संस्थेने कर्णबधिरांसाठी संगणकशास्त्र आणि ललितकलेचे पदवी अभ्यासक्रम सुरू केले, ही देशातली आश्वासक घटना. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान पाच टक्के जागा राखल्या. जागा मिळते, पण पहिल्या तासाला दुभाषा कुठून आणायचा? मुलगा हुशार असूनही दुसऱ्या सत्रात मागे पडतो आणि खापर त्याच्याच डोक्यावर फुटते. हा अन्याय आहे.

शब्दांचा प्रश्न तर अजून नाजूक. ‘कपॅसिटर’ला ठरलेली खूण नसेल तर दुभाषा एकेक अक्षर बोटांनी दाखवतो, आणि भारतीय सांकेतिक भाषेत त्याला दोन्ही हात लागतात. तासात तो शब्द वीस वेळा आला तर? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला. २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला आणि त्यात तांत्रिक संज्ञाही आल्या. अडलेला शब्द आता मोबाइलवर चित्रफितीत पाहता येतो.

वर्कशॉपमध्ये मात्र चित्रफीत पुरत नाही. लेथ फिरत असताना मुलाची नजर हत्याराच्या टोकावरून हलता कामा नये, आणि सूचना तर नजरेनेच घ्यायची. तिथे शिक्षकाने आधी यंत्र बंद करायचे, मुलासमोर यायचे, सांगायचे आणि मगच बटण पुन्हा दाबायचे.